धाकटीच्या जीन्सबद्दल

टेक्सास

ती. आईस,
सप्रेम सलाम.

धाकटी जीन्स घालून चर्चमध्ये उपासनेला गेली म्हणून मंडळीतल्या बायका तुला बोलल्या आणि तू घरी येऊन तिच्यावर राग काढलास, असं कळलं. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, म्हणून लिहितेय.

इथं जीन्सचं कुणाला काही नाही. पाळकसाहेब स्वतःच जीन्समध्ये उपदेश करतात! प्रार्थनेला ओढणी घेणारी मी एकटीच. पण पोरींचा जाच इथंही आहेच. उन्हाळी शिबिराच्या फॉर्मवर मुलींसाठी अर्धं पान नियम: खांद्यावरची पट्टी तीन बोटं रुंद हवी, शॉर्ट्स हात सोडल्यावर बोटांच्या टोकापर्यंत, पोहताना वरून टी-शर्ट. मुलांसाठी एक ओळ. मी मदतीला गेले होते, तेव्हा सातवी-आठवीतल्या एका पोरीला सगळ्यांसमोर हात सोडून उभं केलेलं. उंच पोर, हातही लांब, तिला कुठली शॉर्ट्स पुरणार? मान खाली घालून बोटं आखडून घेत होती बिचारी. कारण काय, तर मुलगे अडखळतात, म्हणजे त्यांच्या मनात पाप येतं. १९९३ मध्ये इथल्या सदर्न बाप्टिस्ट या मोठ्या प्रोटेस्टंट पंथानं लग्नापर्यंत शुद्ध राहण्याची प्रतिज्ञापत्रं मुलामुलींकडून भरून घ्यायला सुरुवात केली. ती लाट ओसरली, पण पोरींच्या कपड्यांवरची नजर काही हटली नाही.

आधार तोच, बायबलातलं पहिलं तीमथ्य, दुसरा अध्याय. तू काढून वाच. केस गुंफणं, सोनं, मोती, महागडे कपडे यांची नावं आहेत तिथं, गुडघ्याचं नाही. त्या हिशेबानं आपल्या शरणपूरच्या लग्नांत पुढच्या दोन रांगा उठवाव्या लागतील. (हे मावशीला वाचून दाखवू नकोस.) आणि मत्तय पाचमध्ये प्रभूनं कुणाला सुनावलंय? बघणाऱ्याला. डोळा पापात पाडत असेल तर उपटून टाक म्हणाला, बाईला शाल द्या म्हणाला नाही.

ओढणी मी सोडणार नाही, मला ती आवडते. कॅथलिकांच्या १९१७ च्या कायद्यात बायकांनी चर्चमध्ये डोकं झाकावं असं कलमच होतं, १९८३ च्या कायद्यात ते ठेवलं नाही. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेत पदर घेतलेल्या नि न घेतलेल्या बायका एकाच रांगेत असतात, तू पाहिलंयस.

तेव्हा धाकटीला हवं ते घालू दे, आणि येत्या रविवारी तू तिच्याच शेजारी बस. त्या बायकांचं मी सुट्टीत आल्यावर बघते.

बाबांची शुगर तपासलीस का? रिपोर्टचा फोटो पाठव.

तुझी,
थोरली