भिंतीच्या मागचा फोटो

बेळगाव,
रंगपंचमी

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे हॅरी पॉटरच्या स्टुडिओतले फोटो मिळाले. मोबाईलवर बघून समाधान होईना, म्हणून दादाला लॅपटॉपवर लावायला सांगितलं. रात्री जेवणं आटोपल्यावर आम्ही तिघं बघत बसलो. आई तुझ्याकडेच बघत होती, वाळलीस म्हणते. मी तुझ्या मागच्या भिंती बघत होतो.

फोटोंच्या खाली तू लिहिलं होतंस, "बाबा, सगळं प्लायवूड आणि रंग निघालं. लहानपणापासून जे खरं वाटत होतं ते जवळून बघितलं आणि मन खट्टू झालं." ते वाक्य माझ्या मनातून जाईना. हे फोनवर बोलून होण्यासारखं नाही, म्हणून वहीचे कागद काढून लिहायला बसलो आहे. दादा याचेच फोटो काढून तुला पाठवेल.

सगळ्यात आधी एक फोटो. तू त्याला "चुकून आलेला" म्हणालीस, पण मला तोच सगळ्यात आवडला. त्यात तुझा अर्धा खांदा आहे, पुढे दगडी भिंत आहे आणि उजव्या कडेला ती भिंत संपते. तिथे तिची पाठ दिसते. प्लायचे ताव, त्यामागे हात-हात अंतरावर ठोकलेल्या लाकडी रिपा, एक तिरका टेकू आणि टेकूच्या पायावर ठेवलेलं वजन. मी तो फोटो मोठा करून बघितला. दोन तावांचा सांधा कुठे आला असेल ते मागच्या रिपेवरून कळतं, पण पुढच्या बाजूला तो सांधा मला काही केल्या सापडला नाही. पुट्टी भरून, घासून, दगडाच्या दोन थरांमधल्या चिरेत त्यांनी तो लपवला आहे. शिवाय दगडाचं काम कडेला संपवलेलं नाही, कोपऱ्यावरून वळवून मागे वीतभर नेलं आहे. कॅमेरा तिथे जाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी नेलं. बाळ, हे बघून मन खट्टू कशाला करायचं? मला तर रात्री झोप येईना, इतकं छान वाटलं.

तू लंडनहून गाडीने वॅटफर्डला गेलीस आणि तिथून बसने लीव्ह्‌ज्डनला, असं आईला सांगितलंस. त्या जागेची माहिती दादाने काढून मला वाचून दाखवली. सिनेमावाले येण्याआधी तो विमानांचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात तिथे मॉस्किटो आणि हॅलिफॅक्स ही विमानं बनत, पुढे रोल्स रॉइसची इंजिनं. त्या मोठमोठ्या शेडमध्ये २००० सालापासून दहा वर्षं हॅरी पॉटरच्या सिनेमांचं काम चाललं आणि २०१२ साली ते लोकांना बघायला खुलं केलं. म्हणजे तू उभी होतीस ती जागा पहिल्यापासून कारागिरांचीच.

त्या जेवणाच्या मोठ्या दालनातला तुझा फोटो घे. दोन्ही बाजूंना लांबलचक टेबलं आहेत आणि मध्ये तू उभी आहेस. तुझ्या बुटांखाली फरशी दिसते ना? ती खरी आहे, यॉर्कशायरकडचा दगड. दालन १२० फूट लांब आणि ४० फूट रुंद, तेवढी सगळी जमीन दगडाची. आठही सिनेमांची कलादिग्दर्शनाची बाजू स्टुअर्ट क्रेग या माणसाने सांभाळली. शेकडो पोरांचे पाय आणि कॅमेऱ्याच्या गाड्या वर्षानुवर्षं त्या जमिनीवरून जाणार होत्या. प्लायवर रंगवलेली फरशी त्यात कधीच उडाली असती. आणि वर बघ, त्या दालनाला छतच नाही. सिनेमात दिसतं ते आभाळ नंतर संगणकावर चढवलेलं. तरंगणाऱ्या मेणबत्त्या सुरुवातीला खरोखरच तारांना टांगल्या होत्या, पण ज्योतीच्या उष्णतेने तारा तुटून मेणबत्त्या खाली यायला लागल्या, म्हणून तेही काम संगणकाकडे गेलं. पाय लागणार तिथे दगड घातला आणि जिथे हात पोचणार नाही तिथे काहीच बांधलं नाही. असा हिशेब ज्याला जमतो त्याला मी मिस्त्री म्हणतो.

आपल्या शिवजयंतीच्या चित्ररथाचंही असंच असतं, तू लहानपणापासून बघितलं आहेस. गडाची तटबंदी मी पुठ्ठ्याची आणि गोणपाटाची करतो, पण महाराज ज्या पायरीवरून चढणार ती पायरी दीड इंची फळीची असते, खालून दुहेरी टेकू देऊन. ट्रॅक्टर गल्लीच्या कोपऱ्यावर वळताना ट्रॉली हिसका देते आणि वर उभं असतं कुणाचं तरी दहा-बारा वर्षांचं पोर, हातात तलवार घेऊन. वैशाखात वळीव कधी कोसळेल सांगता येत नाही. तट भिजला तर लोक समजून घेतील. पायरी हलता कामा नये.

आता ते दुकान, जिथे भिंतभर जादूच्या छड्यांच्या खोक्यांची चळत आहे. तू खोक्यांसमोर हसत उभी आहेस. अशी सतरा हजारांवर खोकी तिथे आहेत आणि प्रत्येकावर निराळी चिठ्ठी हाताने चिकटवली आहे. सिनेमात ते दुकान किती वेळ दिसतं तूच सांग. मला त्या चिठ्ठ्या लावणाऱ्या माणसांचा विचार सुटत नाही. सकाळी डबा घेऊन यायचं, संध्याकाळपर्यंत चिठ्ठ्या डकवायच्या, दुसऱ्या दिवशी परत तेच. त्यांची नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. पण तिथल्या भिंतींवर जी रंगवलेली चित्रं लागतात, त्यांत काही चेहरे तिथे काम करणाऱ्या माणसांचेच आहेत. हे वाचून मला फार बरं वाटलं.

त्यांच्या मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटांचा फोटो तू काढला आहेस. ती बहुतेक सगळी टेलिफोन डिरेक्टऱ्या आहेत, वरून चामड्यासारखी बांधणी करून लावलेल्या. तू म्हणशील, बघा, हेही खोटंच. मी म्हणतो, जाड पुस्तकांनी भरलेलं कपाट फळीवर जो भार देतं तो भार तिथे आहे, पानांची कड आहे, धूळ बसायला जागा आहे. थर्माकोलची पुस्तकं केली असती तर फळी जराही वाकली नसती आणि बघणाऱ्याला कारण न कळता काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असतं.

सगळ्यात शेवटी तो किल्ला, म्हणजे त्यांच्या शाळेची प्रतिकृती. त्याचे तू पुष्कळ फोटो काढलेस आणि तिथे मात्र तू स्वतः एकाही फोटोत नाहीस, हे माझ्या लक्षात आलं. तिथे तुझं मन रमलं असणार. ती प्रतिकृती चोविसास एक या मापाची आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर खरी एक फूट वस्तू तिथे अर्ध्या इंचाची. साडेपाच फुटी माणूस उभा केला तर पावणेतीन इंच होईल. तरीसुद्धा तिचा व्यास सुमारे पन्नास फूट भरतो, यावरून खरी इमारत केवढी कल्पिली असेल बघ. खिडक्यांमधून सुमारे अडीच हजार बारीक दिवे सोडले आहेत. कडे-कपारींना खरी खडी आणि झाडांना खऱ्या वनस्पती वापरल्या आहेत.

इथे मला आपलं अंगण आठवलं. दिवाळीत तू माती चाळून द्यायचीस, कुठे खडा राहिला तर मी रागावायचो. मोहरी आणि हळीव पेरून वर ओलं गोणपाट टाकायचं आणि रोज सकाळी उठल्या-उठल्या तू ते उचलून कोंब आले का बघायचीस. आपल्या किल्ल्यावरचा मावळा महादरवाजापेक्षा उंच असायचा, ते मला दर वर्षी खटकायचं. त्यावर तू पाचवी-सहावीत असताना एक तोड काढलीस: मोठे मावळे पायथ्याला आणि अगदी छोटे, मण्यांची डोकी लावलेले, बालेकिल्ल्यावर. त्यामुळे आपला किल्ला एकदम दुप्पट उंच दिसायला लागला. गल्लीतली मोठी माणसं थांबून बघून गेली. तुला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच स्टुडिओत एका खाणावळीचा बोळ आहे, त्यात पुढची दारं मोठी आणि मागची लहान-लहान करत नेली आहेत, म्हणजे छोटा बोळ लांबच लांब दिसतो. तुझ्या फोटोंत तो आहे, पण तू त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस. अगं, ते तुझंच डोकं आहे! तू ते अंगणात मातीत केलंस, त्यांनी शेडमध्ये लाकडात केलं.

तुला इथून तिथे जाऊन असं वाटतं की ही मोठी कामं तिकडचीच, आपला त्याच्याशी संबंध तिकीट काढून बघण्यापुरता. म्हणून कोल्हापूरचं सांगतो, इथून अडीच तासांवरचं. बाबूराव पेंटर हा माणूस मुळात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचा, तो आणि त्याचा भाऊ आनंदराव. सिनेमा काढायचा म्हटल्यावर कॅमेरा नव्हता, तर कॅमेराच बनवायला घेतला. आनंदराव १९१६ साली वारले, तरी बाबूरावांनी ते काम सोडलं नाही, पुरं केलं आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' आला. त्यातलं कीचकवधाचं दृश्य लोकांना इतकं हुबेहूब वाटलं की पुढे ते कापावं लागलं. पण मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वेगळंच वाटतं. जन्मभर पडदे रंगवलेल्या या माणसाने सिनेमात पडदे बाजूला केले आणि खोल्या, खांब, दालनं खरोखर उभी करायला लावली, ज्यात माणूस चालू-फिरू शकेल. स्वतःची हातखंडा कला बाजूला ठेवायला केवढं धैर्य लागलं असेल! त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम या मंडळींनी १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली, १९३३ ला ती पुण्याला नेली आणि आज त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे. दामले-फत्तेलाल तर मुळात रंगाच्या कामातलेच. तू पुण्यात दोन वर्षं शिकलीस, त्या रस्त्यावरून रोज गेलीस. आता आलीस की आपण दोघं मिळून आत जाऊन बघू.

तर सोनू, माझं म्हणणं एवढंच की तुझे फोटो परत एकदा बघ, पण तुझा चेहरा वगळून. कडा बघ, कोपरे बघ, जमीन बघ. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या त्या छोट्या इमारती तू एकाच फोटोत उरकल्या आहेस, त्या मला नीट बघायच्या आहेत. कुठलीही भिंत उभी करण्याआधी त्यांनी ती पुठ्ठ्यात करून बघितली आहे. आमच्या मंडळाच्या पोरांना हे मी किती वर्षं सांगतो, आधी पुठ्ठ्यात करा, पण त्यांना एकदम करवत हातात घ्यायची असते. यंदा त्यांना तुझा फोटो दाखवणार आहे. तुझं नाव सांगून दाखवणार आहे.

या वर्षी राजदरबार करायचं घाटतं आहे. ट्रॉली तीच, बारा फुटी, आणि वर विजेच्या तारांमुळे उंचीला मर्यादा. मला मागचे खांब पुढच्यांपेक्षा बुटके करत न्यायचे आहेत, त्या बोळासारखे, आणि सगळ्यात मागे लहान मुलांना भालदार करून उभं करायचं आहे. किती उतार द्यावा याचा अंदाज येत नाही. तुझ्या फोटोत पहिलं दार आणि शेवटचं दार दोन्ही दिसतात, त्यावरून मी पट्टीने माप काढायचा प्रयत्न केला, पण मोठा केला की फोटो फुटतो. तेव्हा तो एक, पुठ्ठ्याच्या इमारतींचा एक आणि भिंतीच्या मागचा एक, असे तीन फोटो मूळ आकारात पाठव. व्हॉट्सॲपवर नुसते टाकू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे असतात असं दादा म्हणतो. रविवारी रात्री मंडळाची बैठक आहे, त्याच्या आत पाठवलेस तर लाकडाचा हिशेब मांडता येईल. आणि उताराबद्दल तुला काय वाटतं तेही लिही.

तुझे,
बाबा