कूलरच्या आधी छत

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

आईला गच्चीवर हिरवळ हवी आहे, बाबांना मोठा कूलर. यंदा दोन्ही राहू द्या, आधी छत पांढरं करा. ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे भिंतींपेक्षा जास्त ऊन छत खातं. आपलं छत पटियांचं, म्हणजे लांब दगडी फरश्यांचं. दगड दिवसभर उष्णता साठवतो आणि बाहेरची हवा निवल्यावरही ती रात्री खोलीत सोडत राहतो. कूलर हवा गार करतो, पटिया तापलेलाच राहतो.

आई, हिरवळीचं गणित असं. दहा सेंटिमीटर जाडीची ओली माती दर चौरस मीटरला दीडशे ते दोनशे किलो भरते. माणसं वावरतात अशा गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला वावराचा भारच मुळी दीडशे किलोच्या आसपास आहे. त्यात पटिया सळईच्या स्लॅबसारखा आधी वाकून इशारा देत नाही, सरळ तुटतो. मुळं दरजांत, म्हणजे पटियांमधल्या सांध्यांत, शिरतील ते वेगळंच. मुळात तसा भार धरून बांधलेला स्लॅब असेल तरच खाली वॉटरप्रूफिंग, त्यावर मुळं अडवणारा थर, निचऱ्याची जाळी, गाळणीचं कापड आणि मग कोकोपीट मिसळलेली हलकी माती, असं करता येतं. आणि उन्हाळ्यात तिघरा धरणाचं पाणी मोजून येतं तेव्हा हिरवळ सुकली, तर बाष्पीभवनाचा गारवाही गेला. कुंड्या मात्र खुशाल ठेव, पण खालच्या भिंतीच्या रेषेवर. पटियाच्या मधोमध नको.

आता पांढरं करण्याचं. बाबा, मिस्त्री आला की थेट ब्रश हातात घेईल, त्याला थांबवा. आधी शेवाळ आणि सुटलेला जुना चुना तारेच्या ब्रशने खरवडून छत धुवायचं, पुरतं वाळू द्यायचं. मग दरजा उकरून पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याने भरायच्या. पाणी जिथे साचतं तिथे उतार आत्ताच दुरुस्त करून घ्या. ओल्या किंवा भुसभुशीत जागेवर लावलेल्या रंगाला पहिल्याच पावसात फोड येतात, आणि लोक शिव्या रंगाला देतात.

स्वस्तातला मार्ग चुन्याचा. पाचशे चौरस फुटांना दहा-बारा किलो कळीचा चुना पुरावा. दर किलोला पाच लिटर पाणी घ्या. चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. भांडं लोखंडी घ्या, प्लास्टिकची बादली उष्णतेने वितळू शकते. डोळ्यांवर चष्मा हवाच. चोवीस तास मुरू द्या, कापडातून गाळा, पातळ केलेला डिंक किंवा सरस मिसळा आणि तीन पातळ हात द्या. एकच जाड हात दिला तर पापुद्रे सुटतात. चुना पावसात धुपतो, म्हणजे हे दरवर्षीचं काम.

माझा कल छतासाठी बनवलेल्या उष्णता-परावर्तक रंगाकडे आहे. घराच्या आतला साधा पांढरा डिस्टेंपर मात्र नको, तो उन्हापावसात टिकत नाही. प्रायमर आणि दोन हात धरले तर लिटरला पंचवीस चौरस फुटांच्या हिशोबाने वीस लिटरचा एक डबा लागेल. खडबडीत दगड जास्त पितो, म्हणून डब्यावरचा आकडा पूर्ण खरा मानू नका. काम सकाळी लवकर करा. दुपारी तापलेल्या दगडावर रंगातलं पाणी उडून जातं आणि थर धरत नाही. दोन हातांमधलं अंतर डब्यावर लिहिलेलं पाळा. ये-जा असते त्या पट्ट्यात दुसऱ्या हातात थोडी बारीक वाळू मिसळायला सांगा, ओलं पांढरं छत फार घसरतं.

अपेक्षा किती ठेवायची? खोलीतलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरतं, वरच्या मजल्यावर जास्त जाणवतं. अहमदाबाद महापालिकेने 2017 पासून वस्त्यांमधली छतं याच हिशोबाने पांढरी करायला घेतली. जानेवारीत घर गार पडेल ही बाबांची शंका अगदीच खोटी नाही, पण हिवाळ्यात ऊन तिरपं असतं आणि दिवस लहान, त्यामुळे तोटा थोडा.

आंधीनंतर छत झाडून घ्या. धुळीचा थर बसला की पांढरेपणा जातो आणि त्याबरोबर फायदाही. कडक झाडू आणि साधं पाणी पुरे, ॲसिड नको. शेजारच्या उंच घराच्या खिडकीत चमक जाईल, त्यांना आधीच सांगून ठेवा.

डबा आणण्याआधी बाबा, फीत लावून लांबी-रुंदी कळवा. पाचशे फूट हा माझा अंदाज आहे आणि त्यात जिन्यावरच्या खोलीचं छत धरलेलं नाही. फीत धरायला कुणाला तरी सोबत घ्या.

तुमची,
मंजू