ओवीच्या नाकातल्या नळ्या

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न.

बाबा, काल तुम्ही विचारलंत, "व्हेंटिलेटरवर ठेवलंय का?" फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय. व्हेंटिलेटर नाही. ओवीच्या घशात नळी घातलेली नाही, गुंगीचं औषधही दिलेलं नाही.

तिला ब्रॉन्कियोलायटिस झालाय. विषाणूमुळे फुप्फुसातल्या बारीक नलिका सुजतात, चिकट स्रावाने भरतात. पाच महिन्यांच्या बाळाच्या नलिका मुळातच अरुंद, त्यामुळे धाप लागते. या वयात मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे वेगवान; तिचे ७० च्या पुढे गेले होते. बरगड्यांखाली खड्डा पडत होता, दूध ओढतानाही दमून सोडून देत होती.

साधा ऑक्सिजन पुरेना, म्हणून हाय फ्लो लावला. ऑक्सिजनमिश्रित हवा शरीराइतकी, म्हणजे साधारण ३७ अंशांपर्यंत गरम आणि दमट करून नाकातून जोरात सोडतात. कोरडी हवा एवढ्या जोराने नाकाला सोसलीच नसती. वजनाच्या दर किलोला मिनिटाला साधारण २ लिटर. ओवी ६ किलोची, म्हणून १२ लिटर. त्या झोताने आत ओढायचे कष्ट कमी होतात. श्वास मात्र ती स्वतःच घेतेय, आणि मला सगळ्यात मोठा धीर त्याचाच आहे.

आई, ऑक्सिजनची सवय लागत नाही गं. हे मशीन विषाणूला मारत नाही, फक्त सूज उतरेपर्यंत तिला दमू देत नाही. पहिले काही तास डॉक्टर सारखे येऊन बघत होते, कारण श्वासांचा आणि नाडीचा वेग उतरला नाही तर सीपॅप, म्हणजे नाकावाटे सतत दाबाने हवा देणारं मशीन, आणि त्यानेही भागलं नाही तर घशात नळी, हे ठरलेलं होतं. तशी वेळ आली नाही. आता श्वास ५० च्या आसपास आहेत, रक्तातला ऑक्सिजन ९५ टक्के. दूध सध्या नाकातून पोटात गेलेल्या नळीने देतात.

कॉलवर मशीन वाजलं की घाबरू नका. पायाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारी लाल दिव्याची पट्टी आहे. तिने पाय झाडला की ती सरकते आणि आकडा खोटाच खाली येतो. आम्ही आधी तिच्याकडे बघतो, मग आकड्याकडे.

बाबा, तुमचा खोकला पूर्ण जाईपर्यंत मात्र येऊ नका, कितीही जीव तुटला तरी. आज रात्री मशीनचा ऑक्सिजन थोडा कमी करून बघणार आहेत. सकाळी फोन करते.

तुमची लेक