महाधमनी फाटली तरी झडप वाचू शकते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हृदयातून निघणाऱ्या महाधमनीचे अस्तर फाटून रक्त तिच्या भिंतीच्या थरांत शिरते, तेव्हा छातीत किंवा पाठीत चिरल्यासारखी कळ येते आणि रुग्ण पुष्कळदा हृदयविकाराचा झटका समजून दाखल होतो. फाट हृदयालगतच्या भागात असेल, तर उपचाराविना पहिल्या दोन दिवसांत दर तासाला १ ते २ टक्के रुग्ण दगावतात असे मानले जाते. तातडीची शस्त्रक्रिया हाच उपाय. तीत हृदय आणि महाधमनी यांच्यामधल्या झडपेचे काय होणार, हे नातेवाइकांपर्यंत क्वचितच पोहोचते.

अशा वेळी झडप गळते ती बहुधा तिची पाने बिघडल्याने नव्हे, तर पाने भिंतीला जोडणारे सांधे अस्तराबरोबर निसटल्याने. पाने निरोगी असतील, तर सांधे टाके घालून पुन्हा वर बांधता येतात. महाधमनीचे मूळच फुगलेले असेल, तर झडपेसकट ते बदलण्याची १९६८ची बेंटॉल पद्धत आहे; टोरांटोचे सर्जन टायरोन डेव्हिड यांनी १९९२मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत मूळ बदलते, झडप रुग्णाचीच राहते. ती वेळखाऊ आहे, सरावलेला हात मागते. रुग्ण अत्यवस्थ असताना तिचा हट्ट नको, आधी जीव.

तरीही आमच्या भागात हा प्रश्न गौण नाही. शहाद्यातील माझ्या औषध दुकानात धातूची झडप बसवलेला, धडगावकडचा एक तरुण शेतकरी डोसची वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून एसटीने येतो. झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून त्याला आयुष्यभर वॉरफेरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यायची आहे आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीचा आकडा, साधारण २ ते ३ मध्ये राखायचा आहे. पण पेरणीत तपासणी चुकते, मेथी-पालक एकदम जास्त खाल्ला की गोळीचा परिणाम उतरतो आणि गुडघ्यासाठी कुणी दिलेली वेदनाशामक गोळी रक्तस्रावाचा धोका वाढवते. प्राण्यांच्या ऊतींपासून बनवलेल्या जैविक झडपेत ही कटकट कमी, पण तरुण वयात ती लवकर झिजते.

झडप राखायची की बदलायची, हे सर्जनच ठरवणार. मात्र रुग्ण त्यांच्यापर्यंत तग धरून पोहोचला, तरच त्यांच्या हाती निवड उरते. म्हणून नंदुरबार, धुळे व जळगावच्या शासकीय रुग्णालयांत सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचे स्कॅन) रात्रीही व्हावी, महाधमनी फाटल्याची शंका असल्यास झटक्यासाठीचे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्याआधी दोन्ही हातांच्या रक्तदाबातील फरक तपासला जावा आणि नाशिक, सुरत वा मुंबईच्या हृदयशल्यचिकित्सकांशी रुग्णवाहिका निघण्यापूर्वीच बोलणे व्हावे. ज्यांची झडप बदलावीच लागली, त्यांच्यासाठी आयएनआर तपासणी निदान ग्रामीण रुग्णालयात उपलब्ध करावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक औषध विक्रेता, शहादा (जि. नंदुरबार)