ओटीपी सांगू नका म्हणता, मग आईचं लाइटबिल कोणी भरायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सायबर फसवणुकीवर तुमच्या पेपरात सारखं काही ना काही येत असतं आणि शेवटी ठरलेलं वाक्य, पिन, पासवर्ड, ओटीपी कुणालाही सांगू नका. बरोबरच आहे हो, पण कुठल्या घरात हे पाळलं जातं ते सांगा. आईचं पेन्शन साताऱ्याच्या बँकेत, मुलगी पुण्यात, मुलगा परदेशात, आणि लाइटबिल, गॅस, औषधांचं बिल, एफडीचं रिन्यूअल सगळं मुलगीच बघते. कसं बघते, तर आईचा पासवर्ड टाकून आणि आईला फोन करून ओटीपी विचारून. ॲपवाल्यांनी दुसरा रस्ता ठेवलेलाच नाही, असला तरी सापडेल असा नाही.

ती मुलगी म्हणजे मीच. इकडे ॲपवर सेकंद उलटे पळतायत, तिकडे आई चष्मा शोधतेय, चष्मा सापडला की फोन चालू असताना मेसेज कुठून उघडायचा हे दर वेळी नव्याने सांगायचं, मग "चार, सात, सात... थांब गं, हा मगाचचा होता वाटतं", आणि तोवर सेशन एक्स्पायर्ड. शेवटी 'हा ओटीपी कोणालाही सांगू नका' हे पण ती मला मोठ्याने वाचून दाखवते!

हसू येतं, पण यातून काय झालंय बघा. फोन आला की आकडे वाचून दाखवायचे ही सवय आपल्या म्हाताऱ्या माणसांना आपणच लावली, भामट्यांना फक्त तिचा फायदा घ्यायचाय. आणि पैसे गेलेच तर काय, ते रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात सरळ सांगितलंय की पासवर्ड-पिन स्वतःच दुसऱ्याला दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. म्हणजे ज्याच्याशिवाय घर चालत नाही तीच गोष्ट नियमात निष्काळजीपणा.

खरं तर किल्ली न देता ठरावीक मुभा द्यायची व्यवस्था आपल्याकडे आधी होतीच की. वाण्याकडची वही आठवा. घरातलं कोणीही जाऊन खात्यावर लिहून सामान आणायचं, महिन्याअखेरीला वडील हिशोब बघून पैसे द्यायचे, आणि पोरगं एकटं येऊन चॉकलेटचा डबा मागायला लागलं तर वाणीच म्हणायचा, बाबांना विचारून ये. कोणाला, कशासाठी, कितीपर्यंत, सगळं त्यात आलं. तिजोरीची किल्ली कोणी कोणाला देत नव्हतं.

यूपीआय सर्कल नावाची सोय एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, ऑगस्ट २०२४ मध्ये आणली ती जवळपास हीच आहे. पैसे आईच्या खात्यातून जातात पण मी माझ्या फोनवरून भरते, तिचा पिन मला लागत नाही. पूर्ण मुभा दिली तर महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० पर्यंत, नाहीतर अर्धी मुभा, म्हणजे मी विनंती पाठवायची आणि तिने तिच्या फोनवर पिन टाकून मंजूर करायची. कल्पना एकदम झकास. पण आमच्या बिल्डिंगमध्ये विचारलं तर कुणाला नावसुद्धा माहीत नाही. आणि आत गेलं की प्रायमरी युजर, सेकंडरी युजर, फुल डेलिगेशन, पार्शल डेलिगेशन! सत्तरीच्या बाईने यातलं काय दाबायचं? ती घाबरून फोन खाली ठेवणार आणि म्हणणार, तूच कर बाई, पिन घे माझा.

इंजिनिअर लोकांना माझी विनंती एवढीच की एक स्क्रीन करा आणि त्यावर साधी वाक्यं लिहा. 'मुलगी तुमच्या खात्यातून बिलं भरू शकेल. महिन्याला ३,००० रुपयांपर्यंत. एफडी मोडू शकणार नाही. दर वेळी तुम्हाला मेसेज येईल. ही मुभा दिवाळीपर्यंत.' खाली दोन बटणं, चालेल आणि नको. बास. अटी-शर्तींची सतरा पानं कोणी वाचत नाही हे तुम्हालाही माहितीये. आणि हे फक्त पेमेंटपुरतं नको, एफडी कधी संपते, पेन्शन जमा झालं का, एवढं नुसतं बघायची परवानगी पण हवी. जॉइंट अकाउंट काढा म्हणतात, पण तिथे सरळ मालकीच वाटली जाते, मला मालकी नकोय, मला बिल भरायचंय.

घराबाहेर पण तीच गत. आमच्या सोसायटीचा ईमेल घ्या. दर ५ वर्षांनी कमिटी बदलते, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून नव्या सेक्रेटरीला मिळतो, आणि रिकव्हरीचा नंबर मात्र अजून जुन्या चेअरमनसाहेबांचा, ते फ्लॅट विकून गेले तरी. जीमेलमध्ये डेलिगेट नेमता येतो, तो मेल वाचतो, उत्तरं देतो, पासवर्ड बदलू शकत नाही, अगदी हवं तेच. पण ते कंप्युटरवर सेटिंगच्या कुठल्या तरी टॅबमध्ये खाली दडलंय, मोबाइलवर शोधत बसलात तर दिवस जाईल.

आणि जमत नाही असं कोणी म्हणू नये. २०१७ मध्ये पासवर्ड शेअर करणं म्हणजे प्रेम असं ट्वीट करणाऱ्या नेटफ्लिक्सने जुलै २०२३ मध्ये भारतात घराबाहेरचं शेअरिंग बंद केलं, म्हणजे घरातला कोण आणि बाहेरचा कोण हे यांना बरोबर ओळखता येतं, स्वतःच्या कमाईचा प्रश्न आला की. त्यांचीच ती 'कोण बघतंय' विचारणारी स्क्रीन आमच्या घरात सहा वर्षांच्या पोरालाही कळते. बँकेच्या ॲपने असंच 'कोण वापरतंय' विचारलं तर बिघडलं कुठे?

दिलेली मुभा काढून घ्यायचं बटण मात्र पहिल्याच पानावर ठेवा, सेटिंगच्या पोटात नको. आणि कृपा करून लाल रंगात नको, लाल दिसलं की आई हातच लावत नाही.

आपली,
एक वाचक, पुणे