मॅगी वॉकर यांची बँक आणि आपले बचत गट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय उद्योजकांवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. केसांच्या मलमाचा धंदा उभारणाऱ्या मॅडम सी. जे. वॉकर यांच्यावर त्यात भरपूर आहे आणि ते रास्तच आहे. पण त्याच काळातल्या मॅगी लीना वॉकर यांचे नावही नाही. (आडनाव एक, नाते नाही.) आमच्या भागातल्या महिला बचत गटांना खरे तर मॅगीबाईंचे काम अधिक जवळचे आहे, म्हणून हे पत्र.

व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात ‘सेंट ल्यूक’ ही कृष्णवर्णीयांची संस्था होती. सभासदांनी वर्गणी भरायची, आजारपणात आणि मयतीला संस्थेने मदत करायची. १८९९ मध्ये मॅगीबाई सचिव झाल्या तेव्हा तिजोरीत ३१ डॉलर ६१ सेंट होते आणि देणे ४०० डॉलरचे. त्यांनी आधी शहरातल्या दुसऱ्या बँकेत बसून कामकाज शिकून घेतले आणि २ नोव्हेंबर १९०३ रोजी स्वतःची बँक उघडली. पहिल्याच दिवशी ८ हजार डॉलरहून अधिक ठेवी आल्या. एकाने तर ३१ सेंटवर खाते उघडले.

लोकांनी हा विश्वास टाकला, हे फार मोठे होते. कारण आधी त्यांचे हात चांगलेच पोळले होते. गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी १८६५ मध्ये ‘फ्रीडमन्स बँक’ निघाली. ठेवी मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवायच्या असे बंधन होते. १८७० मध्ये कायदा बदलून जमीनजुमल्यावर कर्ज द्यायची मुभा मिळाली आणि ओळखीपाळखीच्यांना अपुऱ्या तारणावर कर्जे गेली. १८७३ ची मंदी आली आणि जून १८७४ मध्ये बँक बंद पडली. ६१ हजारांवर ठेवीदारांचे जवळपास ३० लाख डॉलर अडकले. सरकारची हमी आहे असा लोकांचा समज होता, हमी नव्हती.

आपल्याकडेही गट मोडतो तो बहुधा याच वाटेने. १२ बायांचा गट, दरमहा २०० रुपये बचत, म्हणजे वर्षाला २८,८०० रुपये. पेरणीच्या तोंडावर सगळ्यांनाच बियाण्या-खताला पैसे हवे असतात आणि नेमकी तेव्हा निम्मी रक्कम दोन घरांत गेलेली असते. इतिवृत्तात ठराव असतो, पण सह्या मागाहून घेतलेल्या. एका सभासदाला एकूण निधीच्या पाचव्या हिश्शाहून जास्त कर्ज नको, अध्यक्ष-सचिवांनाही नको.

दुसरी चूक हप्त्याची. जुलै ते सप्टेंबर कोरडवाहू घरात पैसा येतच नाही. तरी दरमहा सारखा हप्ता लावला, की बाई तो भरायला फायनान्सवाल्याकडे जाते. शेकडा २ रुपये दराने ५,००० रुपयांचे महिन्याचे व्याज १०० रुपये होते. त्या तीन महिन्यांत तेवढेच आणि नेहमीची बचत घ्यावी. मुद्दल ऑक्टोबर ते फेब्रुवारी, सोयाबीन विकल्यावर आणि कापसाच्या चुकाऱ्यावर, हजार-हजारच्या पाच हप्त्यांत वसूल करावे.

सेंट ल्यूकचे सगळेच साधले असे नाही. १९०५ मध्ये त्यांनी दुकान काढले. गोऱ्या व्यापाऱ्यांनी घाऊक माल देणाऱ्यांवर दबाव आणला, गिऱ्हाईकही पुरेसे आले नाही, १९११ मध्ये ते बंद झाले. बँक मात्र चालू राहिली. अशा संस्थांपासून बँका वेगळ्या करण्याचा कायदा १९१० च्या सुमारास व्हर्जिनियात झाला, तेव्हा हीही वेगळी झाली. पुढे महामंदीत तिचे इतर बँकांशी विलीनीकरण झाले, पण ठेवीदार बुडाले नाहीत. आपले गट मसाला, पापड, शेवयांचा धंदा बचतीच्याच खात्यातून करतात. माल पडून राहिला की बचतही त्यात अडकते. धंद्याचे बँक खाते आणि कीर्द वेगळीच हवी, आणि त्यात किती रक्कम घालायची ते आधी ठरावात लिहिलेले हवे.

आपण महिला पुरवणीत मॅगी वॉकर यांच्यावर सविस्तर लेख द्यावा, ही विनंती. आणि तालुक्याच्या प्रशिक्षणांत नुसती पंचसूत्री (नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब हे गटाचे पाच नियम) पाठ करून घेण्यापेक्षा फ्रीडमन्स बँक कशी बुडाली ते सांगावे. दर बैठकीत प्रत्येकीची बचत, कर्ज आणि बाकी मोठ्याने वाचून दाखवण्याची सक्तीही करावी, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या बाईलाही आपला आकडा कळेल. येत्या पेरणीआधी एवढे झाले तरी बरे.

– बचत गटांचे हिशेब पाहणारे कार्यकर्ते,
आर्णी तालुका, जि. यवतमाळ