तिमोरच्या स्वातंत्र्याचे श्रेय

पूर्व तिमोर ‘आसियान’ या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा अकरावा सदस्य झाल्यानिमित्तचा अग्रलेख वाचला. या चिमुकल्या देशाला १९९९ मधील परकीय हस्तक्षेपामुळे स्वातंत्र्य मिळाले, हा त्यातील सूर पटला नाही. त्याआधीची २४ वर्षे कशी विसरायची? पोर्तुगीज राजवटीतून (कधी काळी तिमोरचा कारभार गोव्यातून चाले) सुटताना तिमोरी जनतेच्या नेत्यांनी २८ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. नवव्या दिवशी इंडोनेशियाने आक्रमण केले. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड व परराष्ट्रमंत्री किसिंजर यांनी जकार्तात इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो यांना आक्रमणासाठी संमती दिल्याचे पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांतून उघड झाले. ऑस्ट्रेलियाने तर हा कब्जा मान्य करून १९८९ मध्ये तिमोरच्या समुद्रातील तेलाच्या वाटणीचा करार इंडोनेशियाशी केला! त्या काळात किमान एक लाख माणसे मेली. हाही परकीय हस्तक्षेपच होता. तरीही ३० ऑगस्ट १९९९ रोजी धमक्यांना न जुमानता लोक मतदानाला आले आणि ७८.५ टक्क्यांनी स्वातंत्र्याचा कौल दिला. ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालील फौजा उतरल्या त्या २० सप्टेंबरला, राजधानी ‘दिली’ या शहराची राखरांगोळी झाल्यावर.

– एक वाचक, मडगाव